जांभूळखेडीचं उपस्थिती सुविधा केंद्र

दिवाळीनंतर शाळेला सरकारकडून जादा पैसे मिळाले आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. त्याआधी अठरा वर्षं मी बिनपैशाच्या शाळांत सुखानं नोकरी केली होती. खडू संपले की स्वतःच्या खिशातून आणायचे, नळ गळला की त्याला चिंधी बांधायची आणि कोणी साहेब आले की ‘निधी नाही साहेब’ म्हणून मान खाली घालायची, असा माझा सरळ कारभार होता. ‘निधी नाही’ या दोन शब्दांत केवढी सुरक्षितता आहे, हे निधी आल्यावरच कळतं.

मी सुगत इंगोले. राहायला अमरावतीत, राजापेठेत. नोकरी मोर्शीच्या पुढे, जांभूळखेडी नावाच्या गावात. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, चार वर्ग, एक्केचाळीस विद्यार्थी, दोन शिक्षक. त्यातला एक मी, म्हणजे मुख्याध्यापक. दुसऱ्या आकांक्षा मॅडम, म्हणजे बाकी सगळं.

पत्रात लिहिलं होतं की वाचनात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना पुढे आणण्यासाठी शाळेला साठ हजार रुपये देण्यात येत असून ते फेब्रुवारीअखेर ‘स्थानिक गरज विचारात घेऊन नावीन्यपूर्ण रीतीने’ खर्च करावेत. खर्च न केल्यास खुलासा सादर करावा. खर्च केल्यास पाहणी होईल. यातलं जास्त भयंकर काय, ते मला ठरवता येईना.

आमच्याकडे तिसरी-चौथीत मिळून नऊ मुलं अशी होती की ज्यांना ‘कमल बघ’ याच्या पुढचं काही वाचता येत नव्हतं, आणि ‘कमल बघ’सुद्धा पाठ असल्यामुळे येत होतं. पुस्तक उलटं धरलं तरी ती ‘कमल बघ’ वाचत.

पैसे आल्याची बातमी माझ्या आधी गावात पोचली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष खुशालराव दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. खुशालरावांची संत्र्याची मोठी बाग आहे आणि बोलण्याची पद्धत अशी की समोरच्याला वाटावं आपणच त्यांच्या बागेत न विचारता शिरलो आहोत.

“सर, गेट बांधू,” ते म्हणाले. “मोठ्ठं. कमानीवर शाळेचं नाव, अन् खाली समितीचं नाव.”

“पण पैसे वाचनासाठी आहेत.”

“मंग गेटावर लिहिलेलं वाचतीलच ना पोट्टे!”

मला उत्तरं मोटारसायकलवर सुचतात, साधारण अर्ध्या रस्त्यावर.

घरी आलो तर आमचे शेजारी नत्थुजी फाटकाशीच उभे. नत्थुजी कोषागारातून निवृत्त झाले आहेत, पण कोषागार त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, “सर, पैसे परत पाठवा.”

“काहून?”

“खर्च केलेल्या पैशाची चौकशी होते. परत पाठवलेल्याची आजवर झाली नाही. मी पस्तीस वर्षं पाहून राहिलो.”

माझी बायको शालू पोस्टात आहे. ती आतून भाजी चिरता चिरता म्हणाली, “पोरं मागं काहून पडली, हे कोणी त्याइलेच विचारलं का?”

आम्ही दोघांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. इतका साधा प्रश्न सरकारी पत्राला लागू पडत नाही, अशी आमची दोघांचीही समजूत होती.

मग मी माझ्या बुद्धीनं पहिलं पाऊल टाकलं. राजापेठेतल्या एका दुकानातून ‘वाचन विकास संच’ घेतला. त्यात अक्षरांचे ठोकळे, चित्रांचे तक्ते आणि एक प्लास्टिकचा हिरवा पोपट होता. मुलानं बरोबर वाचलं की पोपटाचं डोकं दाबायचं, मग तो ‘शाब्बास’ म्हणणार. दुपारच्या जेवणानंतर या नऊ जणांचा जादा तास ठेवला. फळ्यावर रंगीत खडूनं ‘चला वाचू या’ असं लिहिलं, पोपट टेबलावर ठेवला आणि वाट पाहत बसलो.

एकही जण आला नाही. पोपटाचं बटण तेवढं सैल निघालं. वाऱ्यानं दार आपटलं की तो रिकाम्या वर्गात ‘शाब्बास’ म्हणे. पाऊण तासात त्यानं माझं चौदा वेळा अभिनंदन केलं.

“सर,” आकांक्षा मॅडम दारातून म्हणाल्या, “ते नऊच्या नऊ खिचडी खाऊन निघून जातात. रोजच. तुम्ही त्या वेळेला ऑनलाइन माहिती भरत असता.”

“कुठं जातात?”

“बकऱ्यांमागं.”

चौकशी केली तेव्हा उलगडलं. या दिवसांत गावातली निम्मी माणसं संत्रा तोडायला बागांमध्ये जातात. घरच्या बकऱ्या सकाळी म्हातारी माणसं पाहतात, दुपारी त्यांच्यानं ऊन सोसवत नाही. मग पाळी पोरांची. नऊपैकी आठ पोरं बकऱ्यांपायी रोज अर्धी शाळा करत होती, नववा त्यांच्या नादानं जात होता, आणि वाचनाचे तास आम्ही नेमके दुपारी ठेवले होते. सकाळी ताज्या डोक्यानं गणित, असं मीच वेळापत्रकात मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं.

त्यांची पुढारी होती चौथीतली मोनाली. देवमन तोडाईवाल्याची मुलगी, सात बकऱ्यांची मालकीण, आणि माणसाकडे बकरीकडे पाहावं तसंच पाहणारी. मी तिला ऑफिसात बोलावून शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. दहा मिनिटं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं जी सर. मंग बकऱ्या कोण पायते? तुमी पायता का?”

मुख्याध्यापकाला असं विचारलं जात नाही. माझा अभिमान दुखावला. आणि दुखावलेल्या अभिमानात मी आयुष्यातले सगळे मोठे निर्णय घेतलेले आहेत, अगदी मोटारसायकलचा रंगसुद्धा.

“हाव!” मी टेबलावर हात आपटून म्हणालो. “पाहतो! आण तुझ्या बकऱ्या शाळेत!”

मागे कपाटावर ठेवलेला पोपट म्हणाला, ‘शाब्बास.’

शाळेच्या मागे अर्धा एकर पडीक आवार होतं. त्याला तारेची जाळी मारायची, एक छप्पर टाकायचं, पाण्याची टाकी ठेवायची आणि दुपारी बकऱ्या पाहायला कोणी माणूस नेमायचा. एवढं केलं की पोरं वर्गात. रात्री जेवताना मी हे शालूला सांगितलं. तिनं माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं, आणि लगेच विचारलं, “पण हे कागदावर कसं बसवसान?”

इथे नत्थुजी कामी आले. आधी ते दोन्ही हातांनी कपाळ धरून बसले. मग हळूहळू त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “‘बकरी’ हा शब्द कुठंच येऊ द्यायचा नाही,” ते म्हणाले आणि पेन उघडलं. दोन तास, तीन कप चहा आणि शालूचा निम्मा चिवडा संपवून त्यांनी प्रस्ताव तयार केला. जाळीचं नाव झालं ‘विद्यार्थी उपस्थिती सुविधा केंद्र’. बकऱ्या झाल्या ‘उपस्थितीस बाधक कौटुंबिक जबाबदाऱ्या’. बकऱ्या पाहणारा माणूस झाला ‘स्थानिक समन्वयक’. वाचून मलाच असं वाटलं की हे केंद्र तालुक्यात फार पूर्वीच व्हायला हवं होतं.

मोर्शीच्या दुकानदारानं मात्र सरळ विचारलं, “सर, शाळेले जाळी कायले? पोट्टे पळून राहिले का?”

“नाही,” मी म्हणालो, “यायला लागलेत.”

समन्वयक म्हणून बुधाजींना नेमलं. बुधाजी सत्तरीचे, जन्मभर बकऱ्यांत राहिलेले, कानानं अधू. हे कानाचं शाळेच्या दृष्टीनं सोयीचं होतं, कारण बकऱ्यांनी आणि पोरांनी एकदम गलका केला तरी ते प्रसन्न चेहऱ्यानं तंबाखू मळत बसायचे.

पहिल्या दिवशी एकवीस बकऱ्या आल्या आणि आठही मुलं दुपारी वर्गात बसली. मोनाली खिडकीशी बसली, तिथून तिला बकऱ्या दिसत. एक ओळ वाचायची, एकदा बाहेर पाहायचं, असा तिचा अभ्यास. पहिल्याच आठवड्यात ती जोडाक्षरांपर्यंत आली. मला वाटलं, संपलं. साठ हजारांचं सोनं झालं.

पण गावात बातमी पसरली की शाळा बकऱ्या सांभाळते, फुकट. ज्यांची पोरं शाळेत नव्हती, त्यांच्याही बकऱ्या शाळेत येऊ लागल्या. एका आजींनी बकरी आणून सोडली आणि म्हणाल्या, “नातू पुढच्या साली येईल जी पहिलीत. तवरिक हिले बसू द्या.” महिन्याभरात एक्केचाळीस मुलांच्या शाळेत त्रेपन्न बकऱ्या झाल्या. पटसंख्येत त्यांनी आम्हाला मागे टाकलं.

चौपन्नावा खुशालरावांचा बोकड. गेट न झाल्याचा राग होताच. “समितीचा अध्यक्ष हावो मी,” ते म्हणाले, “माया बोकडाचा हक नाही का?” हा बोकड म्हणजे पंचेचाळीस किलोंचा, दाढीवाला, आणि स्वभावानं हुबेहूब मालकासारखा. जाळी त्याला अडवू शकली नाही. त्यानं आधी वृक्षारोपणाची रोपं खाल्ली, ज्यांचे फोटो मी महिन्यापूर्वीच वर पाठवले होते. मग माझा उन्हात बांधायचा दुपट्टा खाल्ला. मग एका दुपारी ऑफिसात शिरून डिसेंबरचा हजेरीपट निम्मा खाल्ला. ती सगळी एक ते पंधरा तारखेची हजेरी होती. सोळा तारीख त्याला आवडली नसावी. शाळा सुटली की तो माझ्या मोटारसायकलच्या सीटवर चढून उभा राहायचा आणि मी खाली उभा राहून त्याला विनंती करायचो. गावकरी पारावर बसून ते पाहायचे. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे इतक्या आवडीनं कोणी पाहिलं नव्हतं.

राजापेठेतही बातमी पोचली, पण वाटेत बदलून. समोरच्या पौर्णिमाताई एका संध्याकाळी छोटी किटली घेऊन दारात उभ्या. “सर, डॉक्टरनं नातवाले बकरीचं दूध सांगितलं. तुमी आणता म्हणे गावाकून. का लिटर देता?”

“अहो ताई, मी मुख्याध्यापक आहे!”

“हाव ना, मालूम आहे. पण भाव सांगा ना.”

शालू स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला ऐकू येईल इतक्या जोरात हसली.

हसण्यासारखं तिथंच संपलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याहून फोन आला. निनावी तक्रार होती: मुख्याध्यापक शासकीय निधीतून बकरीपालन करून दूध अमरावतीला विकतात. उद्या विस्तार अधिकारी पाहणीला येणार. दोष आढळल्यास वसुली, आणि शिवाय बदली. “मेळघाटात, धारणीकडे एक शाळा रिकामी आहे,” फोनवरचा बाबू उगाच गोड आवाजात म्हणाला. धारणीच्या मुलांशी माझं काही वाकडं नव्हतं. पण डाग लागून जायचं, आणि आठ पोरांना पुन्हा दुपारी रानात जाताना पाहायचं, हे काही गळ्याखाली उतरेना. जाळी निघाली की वाचन निघालं, हे स्पष्ट होतं. मोनाली आता अडखळत का होईना, आख्खा धडा वाचत होती.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा मॅडम नेमक्या अमरावतीला प्रशिक्षणात. साहेब दुपारी दोनला आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाईल, चेहऱ्यावर आधीच लिहून आणलेला अहवाल.

“हजेरीपट दाखवा.”

मी दाखवला.

“हा असा का आहे?”

“साहेब, तो... खाल्ला गेला.”

साहेबांनी टिपून घेतलं. “आणि हे उपस्थिती सुविधा केंद्र कुठे आहे?”

तेवढ्यात मागून उत्तर आलं. त्रेपन्न कौटुंबिक जबाबदाऱ्या एका सुरात ओरडल्या.

“बरं,” साहेब थंडपणे म्हणाले. “ज्यांच्यासाठी हा निधी होता, ती मुलं बोलवा. माझ्यासमोर वाचू द्या.”

आठ आले. मोनाली नव्हती. सगळ्यात चांगलं वाचणारी तीच. मी खिडकीतून हाक मारली, तर ती छपराखालून ओरडली, “सर, चांदी अडली जी! लवकर या!”

चांदी ही तिची सर्वात मोठी बकरी. पहिलं पिल्लू बाहेर येता येता अडकलं होतं. नाक आणि एक पाय दिसत होता, दुसरा पाय आत. बुधाजी गुडघ्यांवर बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा प्रसन्न नव्हता. चांदी आडवी पडून एकसारखी ओरडत होती. मोनाली रडत नव्हती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. देवमनच्या घरात आजारपण असो की पोरांचे कपडे, सगळं चांदीच्या पिल्लांवर निघत असे, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते वरूडला एका गायीपाशी अडकले होते. म्हणाले, “तासभर लागेल. तोवर काय करायचं ते लिहून पाठवतो. इथं आवाज नीट येत नाही.”

“अहो, हिला धरा कोणीतरी!” हा आवाज साहेबांचा होता. मी वळून पाहिलं. साहेबांनी फाईल जाळीला अडकवली होती, बाह्या वर केल्या होत्या आणि ते चिखलात बसून चांदीचं डोकं मांडीवर घेत होते. “आमच्या घरी दहा होत्या,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले.

मी मदतीला धावणार, तोच रक्ताच्या वासानं की कशानं, खुशालरावांचा बोकड छपराकडे आला. मी छपराच्या तोंडाशी एक फळी ओढून तिला पाठ लावून उभा राहिलो आणि तो पलीकडून धडका देऊ लागला. त्या ऐतिहासिक प्रसंगात मुख्याध्यापक म्हणून माझं योगदान एवढंच.

फोन वाजला. डॉक्टरांचा संदेश आला होता. साहेबांचे हात गुंतलेले, माझी पाठ गुंतलेली, बुधाजींना अक्षरओळख नाही. मी फोन मोनालीकडे फेकला.

“वाच!”

तिनं फोनकडे पाहिलं, मग चांदीकडे, आणि बुधाजींच्या कानाशी तोंड नेऊन सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागली.

“हात... साबणानं... स्व... स्व-च्छ धुवा! तेल लावा! पिल्लाचा एक पाय मागं... दु... दुम-ड-ला असेल! जोर लावून... ओढू नये!”

“का म्हणते?” बुधाजींनी कान पुढे केला.

“ओढू नये म्हणते आबा! डोकं हळूच आत... ढकला! पाय... सा-व-का-श सरळ करा!”

एका ठिकाणी ती अडली. “सर, ‘प्र-स-र-ण...’ का आहे जी हे?”

“पुढं जा!” साहेब ओरडले. “ते महत्त्वाचं नाही! पुढचं वाच बेटा!”

“बकरी कळ देईन तवाच... खालच्या बाजूनं... ओढा!”

वाक्य वाचताना तिनं डॉक्टरांचं ‘देईल तेव्हाच’ परस्पर वऱ्हाडीत करून टाकलं, हे माझ्या शिक्षकी कानानं तशाही अवस्थेत टिपलं. नुसती अक्षरं जुळवणाऱ्याला हे जमत नाही. ती समजून वाचत होती.

चांदीनं कळ दिली. बुधाजींनी ओढलं. काळं, ओलं, लांब कानांचं एक पिल्लू साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन पडलं आणि हललं नाही.

“पुढं काय लिहिलं आहे?” साहेबांनी विचारलं.

“नाक-तोंड पुसा! अंग... खस... ख-सा-ख-सा चोळा!”

साहेबांनी रुमाल काढला आणि चोळायला सुरुवात केली. मी फळीला पाठ लावून पिल्लाकडे पाहत होतो. बोकडानंही धडक थांबवली. मग पिल्लू शिंकलं. आठ पोरांनी असा आरडाओरडा केला की बुधाजींनासुद्धा ऐकू आला.

पाठोपाठ दुसरं पिल्लू आपलं आपण आलं, कोणाला काही वाचायला न लावता. मोनाली तेव्हा कुठं जमिनीवर बसली आणि चांदीच्या मानेत तोंड खुपसून भरपूर रडली.

साहेबांनी हात धुतले. शर्ट धुण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. उरलेल्या आठ मुलांची परीक्षा त्यांनी ऑफिसात बसून घेतली. पाच जणांनी चांगलं वाचलं, दोघं अडखळले. राहिलेला एक, म्हणजे नवांतला तो नववा मुलगा, अजून ‘कमल बघ’च्या पुढे गेलेला नाही. त्याच्या घरी बकऱ्याच नाहीत, त्याचं कारण वेगळं आहे आणि ते आम्ही शोधतो आहोत. मी साहेबांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

अहवालात त्यांनी लिहिलं: ‘केंद्राची प्रत्यक्ष पाहणी केली. दूधविक्री आढळली नाही. निधीचा उपयोग झाल्याचे समक्ष ऐकले.’ ‘पाहिले’च्या जागी ‘ऐकले’ पाहून नत्थुजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला. म्हणाले, “पस्तीस वर्षांत असा शेरा वाचला नाही.”

वसुली टळली, बदली टळली. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण चांगल्या कामाची वर दखल घेतली जाते, हे मी विसरलो होतो. महिन्याभरात तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पत्र गेलं: जांभूळखेडीचा उपक्रम नावीन्यपूर्ण असल्याने प्रत्येक शाळेने सोबतच्या नमुन्यात माहिती भरावी. रकाना चार: शाळेतील बकऱ्यांची संख्या. रकाना पाच: बकऱ्या नसल्यास कारणे. त्या दिवशी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते मी शालूला दाखवलं नाही.

आणि काल पुंजाराम सरांचा फोन आला. त्यांची शाळा आमच्यापासून आठ किलोमीटरवर.

“सुगतभाऊ, परवा पाहणी आहे. पाच-सहा बकऱ्या पाठवता का दोन दिवसांसाठी? फोटोपुरत्या.”

“बकऱ्या माझ्या नाहीत,” मी म्हणालो. “मालकिणीशी बोला.” आणि फोन मोनालीला दिला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हूं, हूं केलं. मग म्हणाली, “असं तोंडी नाही जमत जी सर. अर्ज लिहून पाठवा. मी वाचून पाईन, मंग सांगीन.”